गळीचे दिवस

संत्र्याचा आंबिया बार फुटतो, फुलं झडतात, फळं धरतात आणि मग मार्चच्या शेवटापासून पुढचे दोन महिने बाहेरून बघणाऱ्याला बागेत काहीच चालू नाही असं वाटतं. तोड नाही, कॅरेट नाहीत, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गाडी उभी नाही. हिरवीगार झाडं आणि वरून ऊन, बस. पण वरूड-मोर्शी किंवा काटोल-नरखेड भागातल्या कुठल्याही संत्रावाल्याला विचारा, वर्षातले सगळ्यात काळजीचे दिवस हेच असं तो सांगेल. सकाळी बागेत पाय ठेवला की नजर आधी झाडाखाली जाते. रात्रीतून किती पडली?

"गळ सुरू झाली का?" "तुमच्याकडे किती आहे?" लग्नात, तेरवीला, बसस्टँडवर, एप्रिलमध्ये दोन संत्रावाले भेटले की दुसरा विषयच नसतो. आणि उत्तर देणारा नेहमी थोडं जास्तच सांगतो, का कोण जाणे, पण गळ कमी आहे असं तोंडानं म्हणायला कुणी तयार नसतं, नजर लागेल असं वाटतं बहुतेक.

मला या दिवसांबद्दल लिहायचंय कारण माझं आता ठाम मत झालंय की बाग कशी निघणार हे ऑक्टोबरात तोडीच्या वेळी कळत असलं तरी ते ठरतं याच दोन महिन्यांत, आणि या दोन महिन्यांत आपण सगळे मान वर करून फळं मोजत बसतो, तर खरं काम खाली जमिनीत वीत-दीड वीत खोलीवर चाललेलं असतं.

ज्यांच्याकडे संत्रा नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्याकडे मुख्य बार, म्हणजे फुलं येण्याचे हंगाम, दोन. आंबिया जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो, त्याची फळं ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात. मृगाची फुलं जून-जुलैत पावसाबरोबर, आणि फळं पुढच्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. बार घ्यायचा तर त्याच्या आधी झाडाला ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी बंद करून झाड मुद्दाम उपाशी ठेवायचं, मग पाणी मिळालं की ते फुलांवर येतं. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये आमच्या शिवारात एक फार वेगळं दृश्य असतं. एका धुऱ्याच्या अलीकडे आंबियावाला, त्याला एक दिवस पाणी चुकलं तरी जीव वरखाली होतो, आणि पलीकडे मृगवाला, ज्याची झाडं पानं मलूल करून उभी आहेत आणि तो निवांत आहे, कारण त्याला तेच पाहिजे. ऊन तेच, माती तीच. नवीन माणसाला वाटावं की पलीकडचा बागेकडे दुर्लक्ष करतोय. आमचा धुरकरी, म्हणजे बांधाला लागून असलेला शेजारी, मृगवालाच आहे, आणि एप्रिलमध्ये आमच्या विहिरीवर मोटर सुरू असली की तो धुऱ्यावर येऊन बसतो, म्हणतो तुमची मोटर ऐकूनच मला गार वाटते. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लांबला की मात्र तो आभाळाकडे बघत असतो, तेव्हा निवांत बसायची पाळी आमची.

तर गळ. संत्र्याच्या एका मोठ्या झाडाला हजारोंनी फुलं येतात आणि त्यातली शेवटपर्यंत टिकतात ती शंभरातली जेमतेम एखाद-दोन. हे निरोगी झाडाचं सांगतोय, रोगट झाडाचं नाही. म्हणजे गळणं हाच झाडाचा नेहमीचा कारभार आहे आणि टिकणं हा अपवाद. पहिली मोठी गळ फुलं झडताना आणि फळ मुगा-ज्वारीएवढं असताना होते, ती कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसरी होते ती एप्रिल-मेमध्ये फळ गोटीएवढं झाल्यावर, आणि हीच मनाला लागते, कारण तोपर्यंत आपण ती फळं मनातल्या मनात विकून मोकळे झालेलो असतो. तिसरी पुढे पावसाळ्यात आणि तोडणीआधी, ती बुरशीची, रस शोषणाऱ्या पतंगाची, तिची कारणं वेगळी, ती आज सोडून देतो.

खाली पडलेलं फळ उचलून बघायची सवय मला बाबांनी लावली. ते खाली वाकून मूठभर उचलायचे, तळहातावर पसरायचे आणि एकेक उलटं करून बघायचे. फळ देठासकट पडलंय का देठाची हिरवी टिकली झाडावर ठेवून नुसतं फळ सुटलंय? फार लहान असताना गळणारं फळ सहसा देठ घेऊन पडतं, कारण तुटायची जागा देठ आणि फांदीच्या सांध्यात असते. थोडं मोठं झाल्यावर ती जागा बदलते, मग फळ आणि टिकली यांच्यामध्ये तुटतं, आणि खाली पडलेल्या फळाच्या डोक्यावर एक स्वच्छ, गोल, फिकट खळगा दिसतो, जणू कुणी नखानं अलगद काढून घेतलंय. असा स्वच्छ खळगा दिसला की झाडानं ते फळ स्वतःहून सोडलंय. वारा-वादळानं ओरबाडलेल्या फळाला तसा नसतो, तिथे साल फाटलेली असते, काड्या-पानं लागलेली असतात. कधी देठाभोवती राखाडी रंगाची खरबरीत कडी दिसते, ते फुलकिड्यांचं काम. फळ छोटं असताना त्यांनी देठाजवळ खरवडलेलं असतं आणि फळ वाढेल तशी ती कडी पसरत जाते. असं फळ पडलंच पाहिजे असं नाही, पण टिकलं तरी बाजारात त्याला भाव नाही.

बाबा हे सगळं बघायचे आणि बहुतेक वेळा फळं परत खाली टाकून द्यायचे. मी काळजी करत असलो की म्हणायचे, "काऊन घाबरते लेका, झाडाले आपलं पोट समजते." मला तेव्हा ते समाधान करून घेणं वाटायचं. आता वाटत नाही. झाड खरंच हिशोब करतं. पानांनी तयार केलेलं अन्न किती, मुळांनी आणलेलं पाणी किती आणि वर किती तोंडं आहेत, हे जुळलं नाही की ते मागे पडलेल्या फळांना सोडून देतं. एका घोसात चार फळं असली की त्यातली दोन थोडी बारकी राहिलेली दिसतात, रंगही थोडा फिकट, आणि आठ-दहा दिवसांनी बघितलं तर नेमकी तीच गेलेली असतात.

मग आपलं काम काय? माझ्या मते झाडाला गरजेपेक्षा जास्त फळं सोडायची वेळ येऊ नये, एवढंच. आणि ती वेळ येते मुख्यतः पाण्यानं आणि उन्हानं.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती कळल्यापासून मी दुपारच्या बागेकडे वेगळ्या नजरेनं बघतो. भर दुपारी पानांतून जेवढं पाणी उडतं तेवढं मुळं वर पाठवू शकत नाहीत, माती ओली असली तरी. मग पानं ते पाणी फळातून ओढून घेतात. होय, फळातून. दिवसा फळ किंचित आक्रसतं आणि रात्री मुळांनी पाणी भरून काढलं की परत फुगतं. हे रोज चालतं. उन्हाळ्यात दुपारी तीनला एखादं फळ बोटांत हलकं दाबून बघा आणि पहाटे पाचला तेच फळ परत दाबा, हाताला फरक कळतो. रात्रीतून भरपाई झाली तर काही बिघडत नाही. पण माती कोरडी असली, किंवा पश्चिमेचा गरम वारा रात्रीही थांबला नाही, तर ती भरपाई अर्धीच होते, दुसऱ्या दिवशी फळ आधीच उणं घेऊन उन्हात उभं राहतं, आणि असे चार-पाच दिवस लागोपाठ गेले की मग झाड सोडायला लागतं. म्हणून कडक ऊन पडलं त्या दिवशी गळ होत नाही, थोड्या दिवसांनी होते, आणि आपण भलत्याच कारणाला दोष देतो. काल फवारलं म्हणून गळलं, परवा खत दिलं म्हणून गळलं. खरं कारण मागच्या आठवड्यात विहिरीवर असतं.

आणि आमच्याकडचं ऊन म्हणजे काही कमी नाही. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदलं गेलं होतं. चाळीसच्या वर तर एप्रिलमध्येच जातो पारा. संत्र्याचं झाड एवढ्या उन्हात जगतं, पण त्याला फळ सांभाळायला फार जोर लागतो.

आता गळ दिसली की सगळ्यात आधी काय होतं, तर माणूस दुकानात जातो. आणि दोन-तीन बाटल्या घेऊन येतो. फवारण्या वाईट आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, दोघांच्याही शिफारशी आहेत. जिब्रेलिक ॲसिड हे संजीवक १५ पीपीएम, म्हणजे १०० लिटर पाण्यात दीड ग्रॅम, सोबत १ टक्का युरिया म्हणजे तेवढ्याच पाण्यात १ किलो. जिब्रेलिकची पावडर सरळ पाण्यात विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्यावी लागते, हे न करता टाकणारे खूप लोक मी बघितलेत, पावडर टाकीच्या तळाशी आणि पैसे पाण्यात. टू फोर डी हे दुसरं संजीवक वापरायचं तर पंप वेगळा ठेवा आणि शेजारी कपाशी आहे का ते आधी बघा, कपाशीला त्याचा वाराही सोसत नाही, पानं बोटांसारखी लांबट वाकडी होतात. या फवारण्यांनी फळाची पकड वाढते हे खरं. पण मुळाशी ओल नसलेल्या झाडावर संजीवक फवारणं म्हणजे त्याला सांगणं की बाबा धरून ठेव, आणि खायला मात्र काही नाही. मला ते झाडावर अन्याय केल्यासारखं वाटतं. आधी आठवडाभर पाणी नीट करा, मग संध्याकाळी ऊन उतरल्यावर फवारा. क्रम बदलला की उपयोग नाही.

पाणी नीट करणं म्हणजे जास्त पाणी देणं असा एक गैरसमज आहे, आणि काळ्या जमिनीत तो फार महाग पडतो. आमच्या जमिनीत चिकणमाती भरपूर, ओली झाली की हवा कोंडते, वाळली की भेगा पडतात. आठ दिवस कोरडं ठेवून नवव्या दिवशी पाट सोडला की काय होतं बघा. भेगा पडताना बारीक मुळ्या तुटलेल्या असतात, मग अचानक पाण्यानं उरलेल्या गुदमरतात, आणि झाड तीन-चार दिवसांत एकदम फळं टाकतं. पाणी देऊनही गळली म्हणून शेतकरी डोक्याला हात लावतो. थोडं पण रोज, किंवा ठरलेल्या दिवसाआड, त्याच वेळेला, हे झाडाला जास्त मानवतं. कमी पाण्यात झाड स्वतःला बसवून घेतं. पाण्याचा भरवसाच नसला तर त्याला काही ठरवता येत नाही.

मोठ्या, दहा वर्षांवरच्या झाडाला भर उन्हाळ्यात दिवसाला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं. वीस बाय वीस फुटांवर लावलेल्या एकरभर बागेत एकशेआठ-दहा झाडं बसतात. तुम्हीच गुणाकार करा, सोळा-सतरा हजार लिटरच्या खाली आकडा येत नाही, रोज, एका एकराला. आणि हे सगळं वरूड-मोर्शीसारख्या पट्ट्यात, जिथे जमिनीतलं पाणी उपसून उपसून तालुका डार्क झोनमध्ये, म्हणजे अतिउपशाच्या यादीत, गेलाय, आठशे-हजार फुटांचे बोअर झालेत आणि त्यातलेही कित्येक मार्चमध्येच हवा ओकतात. त्याच मोर्शी तालुक्यात अप्पर वर्धासारखं मोठं धरण आहे आणि तरी बागा बोअरच्या भरवशावर आहेत, याची मला दरवर्षी उन्हाळ्यात नव्यानं चीड येते.

लाईट पाळीपाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात मी ड्रिपच्या ओळी बॅटरी घेऊन बघतो. लोकांना रात्रीचं ओलित म्हणजे शिक्षा वाटते, साप-विंचवाची भीती आहेच, पण उन्हाळ्यात झाडाच्या दृष्टीनं ते पाणी सोन्यासारखं असतं. उडत कमी आणि नेमकं फळ फुगायच्या वेळेला मुळाशी हजर. रात्री आवाजही कळतो, लॅटरल, म्हणजे ड्रिपची नळी, कुठे फुटली असेल तर फुस्स ऐकू येतं, आणि एखादा ड्रीपर बंद असेल तर त्या जागी टपटप नसते. खारी आणि रानडुकरं उन्हाळ्यात पाण्यासाठी नळ्या कुरतडतात, त्यांचा तरी काय दोष, त्यांनाही पाणी पाहिजेच. आम्ही धुऱ्यावर सिमेंटची एक टाकी भरून ठेवतो, त्यानं कुरतडणं थोडं कमी झालंय.

ड्रीपर कुठे ठेवायचे यावरही लोक भांडतात. खोडाशी नको, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. दुपारी बाराला झाडाची सावली जिथे संपते तिथे खाणारी मुळं असतात, पाणी तिथे पाहिजे. मेच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा बारा-सव्वाबाराला झाडाखालची सावली म्हणजे झाडाचा अगदी नेमका घेर असतो. त्या दिवशी मी काठीनं सावलीच्या कडेनं रेघ मारून घेतो आणि नळ्या त्या रेघेवर सरकवतो. झाड दरवर्षी वाढतं, नळ्या मात्र लावल्या तिथेच राहतात, पुष्कळ बागांत दहा वर्षांच्या झाडाला दोन वर्षांच्या जागेवर पाणी मिळतंय.

पाण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे झाडाखालचं कुटार. सोयाबीनचं, हरभऱ्याचं, तुरीचं, मिळेल ते. चार बोटं जाड थर, खोडापासून फूटभर सोडून. मेच्या दुपारी उघड्या मातीवर हात ठेववत नाही. कुटाराच्या थराखाली हात घालून बघा, गार लागतं, ओलसर लागतं, आणि अजून थोडं उकरलं की पांढऱ्या, दोऱ्यासारख्या बारीक मुळ्या वर आलेल्या दिसतात, कुटार आणि मातीच्या सांध्यात, गांडुळांच्या मातीत गुंतलेल्या. टोकं इतकी कोवळी की बोट लागलं तरी मोडतात. मला बागेतली सगळ्यात आवडती जागा कुठली विचारलं तर हीच. एवढ्या उन्हात, वर पारा पंचेचाळीसवर, आणि इथे चार बोटांखाली झाड नवी मुळं काढतंय. ज्यांनी हे बघितलंय ते परत झाडाखाली उन्हाळ्यात वखर घालत नाहीत. बाग स्वच्छ दिसावी म्हणून एप्रिलमध्ये ट्रॅक्टर फिरवणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, ते स्वच्छ दिसणं याच मुळ्या तोडून येतं. कुटाराला वाळवी लागते ही तक्रार खरी आहे, लक्ष ठेवावं लागतं, पण तेवढ्यासाठी जमीन उघडी टाकू नका.

खोडांना बोर्डो मलम लावायचं कामही याच दिवसांतलं, पाऊस सुरू व्हायच्या आत. आमच्या भागात डिंक्या रोगानं जेवढी झाडं घेतली तेवढी उन्हानंही घेतली नसतील. खोडाची साल उभी तडकते, आतून डिंक पाझरतो, आणि झाड आतल्या आत कुजत जातं, ती बुरशी मातीतली, पाण्याबरोबर खोडाला लागते. मलम सोपं आहे, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. मोरचूद पाच लिटरमध्ये वेगळं, चुना पाच लिटरमध्ये वेगळा, प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडी नको. मग दोन्ही एकत्र ओतायचे आणि ढवळत राहायचं. रंग आकाशासारखा निळा येतो. त्यात विळ्याचं पातं थोडा वेळ बुडवून बाहेर काढायचं. पात्यावर तांबूस थर चढला असेल तर आंबटपणा शिल्लक आहे, आणखी चुना पाहिजे. पातं जसंच्या तसं निघालं तर लावायला तयार. हे मलम शिळं ठेवत नाहीत, त्याच दिवशी संपवायचं. ब्रशनं जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत. डोळा भरलेली जागा, म्हणजे खाली जंबेरीचं खुंट आणि वर संत्रा जिथे जुळतात तो सांधा, तो नेहमी जमिनीच्या वर उघडा दिसला पाहिजे, माती चढली असेल तर आधी काढून टाका. सगळ्या ओळी लावून झाल्या की बाग एकदम निळ्या पायांची दिसते, घरातली लहान पोरं त्या दिवशी मुद्दाम बघायला येतात.

किडींचं थोडक्यात. मार्च-एप्रिलमध्ये नवतीवर, म्हणजे कोवळ्या पालवीवर, काळी माशी येते, पानाच्या मागे काळे ठिपके, आणि तिच्या चिकट पाण्यावर पुढे काळी बुरशी वाढून सगळी बाग कोळशी होते. निंबोळी तेलानं सुरुवातीलाच आवरते, उशीर केला तर गावानं मिळून फवारल्याशिवाय जात नाही. मे कोरडा गेला की कोळी येतात, फळाची साल खरबरीत होते. सिला ही रस शोषणारी कीड तर नवती दिसली की हजरच. वाळलेली सल, म्हणजे मेलेल्या काड्या, काढणं तोडीनंतरचं काम, राहून गेलं असेल तर आता थोडी थोडी काढा, पण हिरव्या फांदीला उन्हाळ्यात कात्री लावू नका, आतलं खोड उघडं पडून भाजतं. पानसोट, म्हणजे जोमानं सरळ वाढणारे बिनफळाचे फुटवे, मात्र दिसतील तेव्हा काढावेत, ते फुकटचं पाणी पितात.

एवढं सगळं करूनही एखादं वर्ष असं येतं की काही पुरत नाही. २०१८ चा पाऊस कमी पडला आणि २०१९ च्या उन्हाळ्यात वरूड-मोर्शी भागात बागाच्या बागा वाळल्या. रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंना तपकिरी झाडं, पानं तशीच लटकलेली, फळंही लटकलेली, वाळून काळी. झाड फार लवकर वाळलं तर फळ सोडायलाही त्याला वेळ मिळत नाही, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. टँकरच्या मागे माणसं रात्र रात्र जागत होती. आमच्या विहिरीत एप्रिलच्या मध्याला पाणी तासभर चालायचं, मग खाली गाळ.

बाबांनी तेव्हा एक निर्णय घेतला जो घरात कुणालाच पटला नाही. त्यांनी फळं काढायला लावली. गोटीएवढी झालेली, चांगली धरलेली, हिरवी फळं, हातानं, झाडाझाडावरून. आई त्या दिवशी शेतात आलीच नाही. ते स्वतः पहिल्या ओळीपासून लागले, घोसच्या घोस खुडून टोपल्यात टाकत, एक शब्द न बोलता, आणि दुपारपर्यंत त्यांच्या दोन्ही हातांना सालीच्या तेलाचा तो कडवट वास भरून राहिला होता, हात धुतले तरी जात नव्हता. फळं काढली, बारीक फांद्या हलक्या केल्या, खोडांना चुना लावला, होतं नव्हतं ते सगळं कुटार झाडाखाली ओढलं आणि जे तासभर पाणी होतं ते सगळ्या झाडांना थोडं थोडं वाटलं. मी विचारलं निम्म्या झाडांना पूर्ण पाणी देऊन त्यांची फळं तरी वाचवू या का. ते म्हणाले, "फय पुढच्या वर्षी येते. झाड याले दहा वर्ष लागते."

त्या वर्षी आमच्या घरात संत्र्याचा एक रुपया आला नाही. विहिरीच्या खालच्या अंगाची काही झाडं गेलीच. बाकीची जूनच्या पावसानंतर फुटली, वेडीवाकडी, पण फुटली, आणि आज जी बाग उभी आहे ती तीच आहे. त्यानंतर बाजाराचं काय काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, बांगलादेशानं आयात शुल्क चढवत नेलं आणि आमच्या फळाचा मोठा गिऱ्हाईक हातचा गेल्यासारखा झाला. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा वाटलं होतं आता भाव टिकेल. पण भावाचं दुःख वेगळं आणि झाड गेल्याचं वेगळं. भाव पडला की माणूस चिडतो, भांडतो. वाळलेली बाग करवतीनं कापायला लावणारा माणूस बोलतच नाही.

म्हणून नवीन लागवड करणारं कुणी भेटलं की मी जात कुठली, रोपवाटिका कुठली, अंतर किती हे नंतर बोलतो. आधी विचारतो, मेच्या शेवटी विहीर किती तास चालते? हल्ली माझा भाचा मागे लागलाय, त्याला चार एकर संत्रा लावायचाय, जमीन चांगली आहे, पोरगा मेहनती आहे. त्याची विहीर मेमध्ये दोन तास चालते, म्हणजे फार तर चोवीस-पंचवीस हजार लिटर. तो म्हणतो मामा, पहिली चार-पाच वर्षं तर आरामात पुरेल. अगदी खरं आहे, आणि इथेच सगळे फसतात. लहान झाडाला दहा-पंधरा लिटरमध्ये भागतं, बाग डोलते, माणूस खूश होतो, आणि नेमकी आठव्या-नवव्या वर्षी, पैसा हातात यायच्या वेळेला, झाडं मोठी होऊन तेवढ्याच विहिरीकडे दसपट पाणी मागतात. मी त्याला वहीत मांडून दाखवलं, मोठ्या झाडांच्या हिशोबानं त्याचं पाणी दीड एकरापुरतं आहे. उरलेल्यात तूर घे, कपाशी घे, शेततळं झालं की मग बघू. तो दीडवर यायला तयार नाही, मी दोनच्या वर जायला तयार नाही, ताईचं म्हणणं तीन. जूनमध्ये खड्डे भरायचे आहेत, तोवर त्याला मेच्या शेवटी एकदा विहिरीवर घड्याळ लावून बसायला सांगितलंय.